ओझे कायम, मलम मात्र नवे

जड ओझे उचलू नका, फार वेळ वाकून राहू नका, मधूनमधून विश्रांती घ्या. मानेच्या आणि पाठीच्या दुखण्यावर वैद्यकशास्त्राने दिलेला हा सल्ला बिनचूक आहे. प्रश्न एवढाच, की तो द्यायचा कोणाला? खामगाव-मलकापूरच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला? सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर कमरेत वाकलेल्या मजूर बाईला? की सोळा लिटरचा फवारणी पंप खांद्यावर घेऊन पऱ्हाटीतून फिरणाऱ्या सालगड्याला? ओझे उचलले नाही तर ज्याची चूल पेटत नाही, त्याला हा सल्ला देणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके खारपाणपट्ट्यात मोडतात. जमिनीतील पाणी खारे, म्हणून पिण्याचे पाणी दुरून आणणे आले; आणि ते आणायचे बाईनेच, हेही जणू ठरलेलेच. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो. त्यावर कळशी चढली की मानेच्या मणक्यांवरचा भार वीस किलोंच्या पुढे जातो. घरोघरी नळाचे आश्वासन २०१९ साली जल जीवन मिशनने दिले, त्यासाठी २०२४ ची मुदत ठरवली, आणि ती आता २०२८ पर्यंत लांबविण्यात आली आहे. मुदत कागदावर वाढते. वाढीव चार वर्षांचे हंडे मात्र कोणाच्या तरी डोक्यावरूनच जायचे असतात.

मग आराम कशाने मिळतो? गोळीने आणि सुईने. सुई घ्यावी, संध्याकाळपर्यंत दुखणे दबावे, सकाळी पुन्हा त्याच पोत्याखाली पाठ द्यावी. वेदनाशामक औषधे दीर्घकाळ घेतली आणि त्यात उन्हात शरीरातले पाणी आटले, तर मूत्रपिंडावर घाला येतो, हे वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. आणि खारपाणपट्ट्यातील गावे तर मूत्रपिंडाच्या विकारांसाठीच कित्येक वर्षे बातम्यांत आहेत! गिधाडे मरतात म्हणून डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यावर सरकारने २००६ साली बंदी घातली. ते योग्यच झाले. पण माणसाला त्याच औषधाच्या आधाराने रोज कामाला जुंपणाऱ्या ओझ्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही.

याला कायदा नाही असेही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो असावी, अशी शिफारस केली. क्विंटलभराचे पोते एकट्याच्या पाठीवर देण्याची रीत आपल्या बाजारांतून तरीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालांच्या लढ्याचे ते मोठेच फळ होते. शेतमजूर मात्र त्याच्या बाहेरच राहिला. श्रम संघटनेच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत २००२ पासून स्नायू आणि हाडांचे विकार आहेत. आपल्याकडील नुकसानभरपाईच्या कायद्याने शिशाची विषबाधा ओळखली, धुळीने जळलेले फुप्फुस ओळखले. ओझ्याने झिजलेली पाठ त्याला अजून ओळखता आलेली नाही. वयोमानाचे दुखणे म्हणून चाळिशीतल्या मजुराची बोळवण होते.

व्यायामोपचाराने पुष्कळांना बरे वाटते, यात शंका नाही. पण त्यासाठी आठवड्यांमागून आठवडे हेलपाटे घालावे लागतात आणि प्रत्येक हेलपाट्यामागे एक रोज बुडतो. बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील व्यायामोपचार तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी का पोहोचू नये? पायातली शक्ती जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर सुई टोचून घेत न बसता तातडीने मोठे रुग्णालय गाठावे, एवढी माहितीसुद्धा हमालांच्या अड्ड्यावर कोणी लावलेली दिसत नाही. तिला तर पैसाही लागत नाही.

बाजार समितीच्या संचालक मंडळात हमाल-मापाऱ्यांचा एक प्रतिनिधी निवडून जातो. निवडणुकीपुरता त्याचा जयजयकार होतो आणि मग तो बैठकीच्या कोपऱ्यात बसतो. खामगाव, मलकापूर आणि चिखलीच्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाच्या आधी त्याच्याकडे जावे आणि आवारात येणाऱ्या पोत्याचे वजन पन्नास किलोंवर जाणार नाही, असा ठराव त्याच्याच हातून मांडून घ्यावा. विरोध कोण करतो, त्याची नोंद इतिवृत्तात होईलच.