माउंट रोडवरचे वाण

पॉप आर्ट अमेरिकेत जन्मली, मद्रासची सिनेमाची कटआउट म्हणजे नुसती जाहिरात. तिला कला म्हणू नये, असे आपल्याकडचे जाणकारही म्हणतात. हे मत चुकीचे आहे, आणि त्याने एका कलेचे कायमचे नुकसान केले आहे.

आधी काळाचे पाहू. पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलने सूपच्या डब्यांची ३२ चित्रे लॉस एंजेलिसमध्ये मांडली १९६२ साली. मद्रासमध्ये १९५७च्या 'वणंगामुडी' चित्रपटासाठीच तमिळ नट शिवाजी गणेशन यांचे अवाढव्य कटआउट उभे राहिले होते. प्रसिद्ध चेहरा, त्याभोवतीची भक्ती आणि त्या भक्तीवर विकले जाणारे तिकीट, हे सगळे तिथे भर रस्त्यात होते.

पोटासाठी रंगवलेली जाहिरात कला कशी, हा दुसरा आक्षेप. पॉप चित्रकार जेम्स रोझेनक्विस्ट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये जाहिरातींचे फलक रंगवत असे. त्याचे 'एफ-१११' हे चित्र आज तिथल्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. आपले चित्रकार हुसेनही मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच जगले. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवली. या हातांना आपण मान देतो आणि मद्रासच्या माउंट रोडवर कटआउट रंगवणाऱ्या हाताचे नावही विचारत नाही. हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो: ही तर फोटोची नक्कल! नक्कल कशी होते ते पाहा. फोटोवर चौकोन आखायचे, तेच कित्येक पट मोठे करून फलकावर उतरवायचे. इतक्या जवळून रंगाऱ्याला चेहरा दिसत नाही, दिसतो तो गालाचा एक तुकडा. तरी लांबून बसमधल्या माणसाला नट एम.जी.आर. ओळखू यायचे. कुणी गालावर गुलाबी चढवी, कुणी सावलीत निळा-हिरवा घाली. एकाच नटाचा चेहरा दोन कारखान्यांत दोन तऱ्हांचा निघे.

जनुकशास्त्राची भाषा इथे नेमकी लागू पडते. पिढीगणिक नकलेत थोडा फरक पडतो, म्हणून तर नवे वाण जन्माला येते. १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी मात्र क्लोन होती, आणि यंत्रावर छापलेला फ्लेक्सचा फलकही तसाच: हजार प्रती, फरक शून्य. चेन्नईच्याच तारामणीत एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने शेतकऱ्यांची पारंपरिक वाणे जनुक-पेढीत जपली. त्याच शहरात हाताने रंगवलेल्या चेहऱ्यांची वाणे फ्लेक्सने संपवली, आणि त्यासाठी कुणी पेढी उघडली नाही.

पुढाऱ्यांचे बेकायदा फलक रस्त्यावर लावण्याचे समर्थन मी करत नाही. सप्टेंबर २०१९मध्ये चेन्नईत असाच फलक अंगावर पडून स्कूटरवरच्या एका तरुण अभियंतीचा हकनाक जीव गेला. तो दोष फलक लावणाऱ्यांच्या बेपर्वाईचा आहे. रंगवणाऱ्यांच्या कलेवर तो लादता येत नाही.

चेन्नईत असो, कोल्हापुरात असो, एखाद्या बंद थिएटरच्या मागच्या खोलीत जुना रंगवलेला कापडी फलक सापडला, तर त्याची ताडपत्री करू नका. कुणी रंगवला ते विचारा, आणि ते नाव त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.