पडद्यावरचा डॉक्टर

मंडळी, आज जरा रागाने लिहितोय. जन्म मास्तरकीत गेला, त्यामुळे उत्तर चुकलेलं दिसलं की लाल रेघ ओढल्याशिवाय राहवत नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात इतर गोष्टींबरोबर दोन वचनं होती. एक, आरोग्यसेवेत डिजिटल तंत्र आणायचं. दोन, आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. पहिलं वचन धडाक्यात पाळलं जातंय. ई-संजीवनी आली, १४ आकडी ‘आभा’ क्रमांक आला. दुसऱ्याचं काय? २०२१-२२ चा सरकारचाच हिशेब १.८४ टक्के सांगतो. यंत्र स्वस्त आणि माणूस महाग, म्हणून यंत्र पुढे!

तंत्राशी माझं वैर नाही. बीपीची गोळी चालू ठेवू का, एवढं विचारायला म्हाताऱ्या माणसाने आचऱ्याहून मालवण-कणकवलीची एसटी कशाला धरावी? पण रात्री फुरसं चावलं, बाळंतपण अडलं, तर पडदा काय करणार? मार्च २०२० च्या सरकारी टेलिमेडिसिन सूचनाही सांगतात, की तातडीच्या वेळी रुग्णाला प्रत्यक्ष डॉक्टरकडे जायला सांगा. कबूल. पण जायचं कुठे?

सिंधुदुर्गाचं उत्तर वर्षानुवर्षं एकच, गोव्याचं बांबोळी. आता ओरोसला वैद्यकीय महाविद्यालय झालंय, तरी ती वाट थांबलेली नाही. आमच्या आचऱ्याची गावपळण काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल घेऊन, तीन दिवसांची. आजाऱ्यांची ही गावपळण मात्र बारमाही, आणि तिला कुणाचा कौल नाही.

माणूस काय करू शकतो, तेही कोकणानेच दाखवलंय. महाडकडे विंचूदंशाने माणसं दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी नोकरीत तिथे आले, रुग्णांच्या उशाशी बसले, तासातासाच्या नोंदी ठेवल्या. प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचवाच्या विषावर उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. उशाशी कुणी बसलंच नसतं, तर लंडनला कळवायचं तरी काय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की क्रम सुधारा. आधी डॉक्टर-नर्सची रिकामी पदं भरा, त्यांना राहायला धड घर द्या, रात्री ॲम्ब्युलन्स ठेवा. मग खुशाल त्यांच्या हाती लॅपटॉप द्या. किती कार्डं काढली हा यशाचा आकडा नव्हे. रात्री दोन वाजता दवाखान्याचं दार किती ठिकाणी उघडतं, ते मोजा.

मुंबईकर भाचरांनो, पटत नसेल तर चतुर्थीला घरी याल तेव्हा भांडा. मी तयार आहे.