लाल दगडाची गोष्ट

मुलांनो, सुट्टीत गोव्याला गेलो की आपण समुद्र बघतो. डिचोली-सांग्याकडचा लाल दगड मात्र आम्ही पालक तुम्हाला दाखवत नाही. हे आमचे चुकतेच.

हा दगड २५० कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा समुद्राच्या पाण्यात लोखंड विरघळलेले होते. सूक्ष्म जीवांनी सोडलेल्या प्राणवायूने ते गंजले आणि तळाशी बसले. एक थर लोखंडाचा, एक गारेचा, अशा पट्ट्या झाल्या. लोखंडाचे पोट भरले, तेव्हा कुठे प्राणवायू हवेत साठू लागला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने असाच ऑस्ट्रेलियातला दगड २०१७ साली मोठ्या दालनात मांडला.

गोव्यात तोच दगड जहाजे भरभरून परदेशी गेला. खाणींच्या गाळाने शेते बुजली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, तेव्हा ट्रकवाल्यांचे पोट गेले. दोन्हीकडची माणसे आपलीच.

आमच्या मते, वर्गात 'लोखंड' हा शब्द शिकवताना ही गोष्टही सांगावी. खणलेला दगड पुन्हा तयार होत नाही. किती काढायचा, हे उद्या तुम्हालाच ठरवायचे आहे.