पुरुषांच्या छातीची शस्त्रक्रिया : खर्च किती, धोका किती?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरच्या उकाड्यात एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. थोरला बावीस वर्षांचा, धाकटा चौदाचा. इतक्या उकाड्यातही दोघांनी सैल शर्टाच्या आत घट्ट बनियन घातलेले होते आणि दोघेही खांदे पुढे झुकवून बसले होते. बाईंनी पर्समधून एक कात्रण काढून माझ्यासमोर ठेवले. जाहिरात होती : पुरुषांच्या वाढलेल्या छातीवर तासाभरात इलाज, त्याच दिवशी घरी, पैसे हप्त्याने.

‘‘दोघांचे एकदम केले तर सवलत देतो म्हणाले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘थोरला कॉलेजच्या सहलीला जात नाही, धाकट्याला शाळेत मुले चिडवतात. ह्यांना न सांगता मुदत ठेव मोडायची माझी तयारी आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.’’

मी हो म्हटले नाही. कारण दोघा भावांची तक्रार वरून सारखी दिसत असली, तरी तपासल्यावर ती एक नव्हती.

चरबी की ग्रंथी?

पुरुषाच्या छातीतही थोडी स्तनग्रंथी असते. शरीरातील पुरुषी आणि स्त्रैण संप्रेरकांचा तोल बिघडला की ती वाढते. याला वैद्यकीय भाषेत गायनेकोमास्टिया म्हणतात. स्तनाग्राखाली बोटांच्या चिमटीत रबरी चकतीसारखा गोळा लागला तर ती ग्रंथी. सगळेच मऊ लागले आणि पोटही सुटलेले असेल, तर ती बहुधा नुसती चरबी. चरबी असेल तर आधी वजन उतरवावे, मग छातीचा विचार करावा. ग्रंथी मात्र दंड-बैठकांनी जात नाही. व्यायामाने तिच्याखालचे स्नायू वाढतात, ग्रंथी तिथेच राहते.

धाकट्याच्या स्तनाग्रांखाली सुपारीएवढ्या गाठी होत्या आणि दाबल्यावर दुखत होत्या. सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. वजन योग्य, वृषणांची तपासणी ठीक. वयात येताना असे होणे हा आजार नाही. निम्म्याच्या आसपास मुलांना कमीअधिक प्रमाणात हे होते आणि बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. अशा मुलाच्या छातीवर सुरी चालवणे म्हणजे चूकच. ‘‘याच्यासाठी एक पैसाही खर्च करू नका. दर सहा महिन्यांनी मला दाखवा,’’ असे मी बाईंना सांगितले.

थोरल्याची गोष्ट वेगळी होती. त्याच्या गाठी पंधराव्या वर्षापासूनच्या, पण गेल्या वर्षभरात त्या वाढल्या होत्या. मी बाईंना बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून त्याला विचारले, ‘‘व्यायामशाळेत काही घेतोस का?’’ बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘सर इंजेक्शन देतात. छाती कमी दिसावी म्हणून अंग कमवायला गेलो होतो.’’ शरीर पिळदार करण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने शरीरात गेल्यावर त्यांचा काही भाग स्त्रैण संप्रेरकात बदलतो. मुलगा जी गोष्ट लपवायला गेला, तीच त्या इंजेक्शनांनी वाढवली होती.

इंजेक्शने चालू ठेवून शस्त्रक्रिया केली असती, तर पैसे जाऊन गाठ पुन्हा वाढण्याची भीती होती. म्हणून पहिली अट इंजेक्शने बंद करण्याची. दुसरी, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि संप्रेरकांच्या रक्ततपासण्या.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की हा दोष कधी कधी यकृताच्या विकाराची, थायरॉइडच्या बिघाडाची किंवा वृषणातल्या गाठीची पहिली खूण असतो. वयस्कर माणसांत हृदयविकार किंवा जलोदरासाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटवरच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधेही याला कारण होतात. मात्र औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावे. एकाच बाजूला कडक, न सरकणारी गाठ, स्तनाग्रातून रक्त, त्वचा आत ओढली जाणे किंवा काखेत गाठ असे काही दिसले तर एक दिवसही थांबू नये. स्तनांचा कर्करोग पुरुषांनाही होतो. प्रमाण थोडे, म्हणजे स्तनांच्या सर्व कर्करोगांत सुमारे एक टक्का, पण होतो.

खर्चाचे गणित

मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेला साधारण 40-50 हजारांपासून एक-दीड लाखापर्यंत खर्च येतो. शहर, रुग्णालय आणि गाठीचा आकार यांवर तो ठरतो. प्लास्टिक सर्जरीचा विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयांत तो बराच कमी असतो, पण थांबावे लागते.

जाहिरातीतली रक्कम म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. भूलतज्ज्ञांची फी, शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या, काढलेल्या गाठीची प्रयोगशाळेतील तपासणी, चार-सहा आठवडे घालायचा घट्ट पट्टा, औषधे आणि पुढच्या भेटी यांत धरल्या आहेत का, हे लेखी विचारावे. काही गुंतागुंत होऊन पुन्हा टेबलावर घ्यावे लागले तर त्याचे पैसे कोणी द्यायचे, हेही आधीच विचारावे. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, शिवाय तिच्यावर वस्तू व सेवा कर लागू शकतो. आजार किंवा शारीरिक दोष म्हणून ती करायची असेल, तर तसे डॉक्टरांकडून लिहून घेऊन विमा कंपनीला आधी विचारावे. हप्त्याने पैसे भरायचे असतील, तर व्याज धरून एकूण रक्कम कागदावर मांडून पाहावी.

धोका काय?

चरबी असेल तर ती बारीक छिद्रातून नळीने ओढून काढतात. ग्रंथी स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला अर्धगोल छेद घेऊन काढतात. पुष्कळदा दोन्ही करावे लागते. छेद काळ्या-गोऱ्या त्वचेच्या सीमेवर असल्यामुळे व्रण सहसा उठून दिसत नाही. पण काहींच्या छातीवर व्रण जाड होऊन वर येतो. आधीच्या एखाद्या जखमेचा व्रण असा फुगला असेल, तर ते सर्जनला जरूर सांगावे.

सर्वांत जास्त आढळणारी अडचण म्हणजे आत रक्त साठणे. त्याखेरीज पाणी साठणे, जंतुसंसर्ग, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, दोन बाजू कमी-जास्त दिसणे या गोष्टी घडू शकतात. ग्रंथी प्रमाणाबाहेर काढली तर स्तनाग्राखाली बशीसारखा खळगा पडतो, आणि तो भरून काढणे अवघड असते. स्तनाग्राचा रक्तपुरवठाच तुटण्याचा प्रकार क्वचित घडतो. धूम्रपान करणाऱ्यांना तो धोका अधिक, म्हणून काही आठवडे आधीपासून विडी-सिगारेट सोडावी. भुलेचा धोका कोणत्याही शस्त्रक्रियेत असतो, म्हणून पूर्ण सोयीचे शस्त्रक्रियागृह आणि हजर भूलतज्ज्ञ हवेतच.

सर्जन प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवीचा आहे का, राज्याच्या वैद्यकीय परिषदेत त्याची नोंदणी आहे का, हे पाहावे. तपासणारा एक आणि शस्त्रक्रिया करणारा दुसराच, असे असेल तर करणाऱ्याला भेटल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पुढे काय झाले?

थोरल्याने इंजेक्शने सोडली. तपासण्यांत दुसरा विकार निघाला नाही. नऊ महिन्यांत सूज थोडी उतरली, पण जुनी, घट्ट झालेली ग्रंथी राहिली. इतकी वर्षे राहिलेली गाठ सहसा औषधाने जात नाही. तेव्हा मीच त्याला शस्त्रक्रियेसाठी चिठ्ठी दिली. बाईंनी या वेळी यजमानांनाही बरोबर आणले. ‘‘एवढ्याशा गोष्टीला कोणी सुरी लावते का?’’ असे ते म्हणत होते. मी त्यांना म्हटले, ‘‘तुमचा मुलगा सात वर्षांत एकदाही उघड्या अंगाने विहिरीत उतरलेला नाही.’’ ते मग काही बोलले नाहीत.

शस्त्रक्रिया झाली, पण सरळ झाली नाही. दुसऱ्या रात्री डावी बाजू टणक सुजली. पुन्हा भूल देऊन साठलेले रक्त काढावे लागले आणि ठरलेल्या रकमेवर आणखी वीस हजार गेले. हे घडू शकते याची कल्पना घरच्यांना आधीच होती, म्हणून कोणी घाबरले नाही, भांडले नाही. आठ-दहा दिवसांत तो कामावर गेला, दीड महिन्याने व्यायामाला लागला. डाव्या बाजूला किंचित खळगा राहिला आहे. त्याबद्दल विचारले तर म्हणतो, ‘‘मला चालतो.’’

धाकटा आता सतरा वर्षांचा आहे. त्याच्या गाठी पंधरा-सोळाव्या वर्षी आपोआप विरल्या. त्याच्या वाट्याची रक्कम बँकेत होती, ती यंदा कॉलेजच्या प्रवेशाला उपयोगी पडली.

आपल्या घरातला मुलगा पोहायचे टाळत असेल, पाहुण्यांसमोरही शर्ट सोडत नसेल, तर त्याला हसू नका आणि रागावूही नका. एकट्याला जवळ बसवून विचारा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. शस्त्रक्रिया करायची की नाही, ते त्या तपासणीनंतर ठरवता येईल.