गाठ नाही म्हणून गाफील राहिलो

आमच्या वस्तीतल्या केंद्रात एक बाई आली. बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. उजवा स्तन सुजलेला, गरम, कातडी जांभळट पडलेली. सासू म्हणाली दूध साकळलंय, शेक घे. डॉक्टर म्हणाले गळू होतंय. गोळ्या दिल्या, मग बदलून दिल्या. आणि मी? मी विचारलं, "गाठ लागते का हाताला?" ती नाही म्हणाली आणि मी निश्चिंत झाले. शिबिरांतून आम्ही वर्षानुवर्षं गाठच तर शोधायला शिकवतो! यात दोन महिने गेले.

तो निघाला दाहक स्तनकर्करोग, इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. स्तनाच्या कर्करोगांत शंभरात एक ते पाच एवढाच आढळणारा, पण झपाट्याने पसरणारा. कर्करोगाच्या पेशी त्वचेतल्या लसवाहिन्या तुंबवतात, म्हणून सूज येते, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होते. गाठ बहुधा लागत नाही; मॅमोग्राफीतही तो निसटू शकतो. माहितीपत्रकांत गोऱ्या बाईची लालबुंद छाती असते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असं नाही.

अंगावर पाजणाऱ्या बाईला आधी जंतुसंसर्गाच्या गोळ्या देणं चूक नव्हे. चूक आहे ती आठ-दहा दिवसांत उतार नसताना पुन्हा गोळ्याच देणं. तिथे बायोप्सी मागायला हवी, आणि कातडीचाही तुकडा तपासा म्हणायला हवं. एकटी बाई हे म्हणू शकत नाही. कार्यकर्तीने सोबत जावं ते यासाठी.

उपचारांचा क्रमही ठरलेला आहे: आधी केमोथेरपी, मग स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढणं, मग किरणोपचार. 'हर-टू' तपासणीत तसं निघालं तर ट्रास्टुझुमॅब हे औषधही. "आधी कापून मोकळं करा" हा घरच्यांचा धोशा इथे उपयोगाचा नाही. स्तन राखून शस्त्रक्रिया व्हावी ही आपली मागणी रास्तच, पण या प्रकारात तो पर्याय सहसा देत नाहीत. मग हे बाईला कोणी, कधी सांगायचं? हिच्या बाबतीत सगळं नवऱ्याला सांगितलं गेलं. ती बाहेर बाकावर बाळ घेऊन बसली होती. स्तन जाणार हे तिला रिक्षात कळलं.

तिची तिसरी केमो झाली. बाळाला वरचं दूध लावलंय. परवा तिने शिबिरातला आमचा तक्ता पाहिला आणि म्हणाली, "ताई, यात माझ्यासारखं काहीच नाही."

नवा तक्ता करायला घेतला आहे. चित्र सावळ्या बाईचं असेल.