कवटी काय सांगते?

"नाकावरून कळतं हो, मूळचा कोण आणि बाहेरचा कोण!" परवा लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका ठणकावून म्हणाले. मी गुपचूप जिलबी संपवली. पण घरी येईपर्यंत डोक्यात डॉक्टर थर्नम घोळत होते.

जॉन थर्नम हे १९व्या शतकात इंग्लंडमधल्या विल्टशर इथल्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. मातीचे उंचवटे रचलेली प्राचीन थडगी उकरायचा त्यांना नाद. लांबट थडग्यांत लांबट कवट्या आणि नंतरच्या गोल थडग्यांत गोलसर कवट्या, असं त्यांना दिसलं. म्हणजे मधल्या काळात माणसंच बदलली असणार!

पुढे अशा मोजमापांवरून लोक माणसांची उतरंड लावायला लागले. कवटी मोजणं वेगळं, प्रतवारी लावणं वेगळं. आपल्या इरावती कर्वे बर्लिनला शिकत होत्या तेव्हा गोऱ्यांच्या कवट्या वेगळ्या असतात, असं त्यांचे गुरू ऑयगेन फिशर यांचं गृहीतक होतं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं प्रबंधात सरळ लिहिलं. याला म्हणतात हिंमत.

गंमत म्हणजे थर्नम यांचा कयास पुष्कळसा खरा निघाला. २०१८ साली प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून कळलं, की सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी युरोपातून बीकर लोक आले आणि काही शतकांत ब्रिटनमधला जवळपास ९० टक्के जनुकीय वारसा बदलला. असा डीएनए उत्तम टिकतो तो कवटीतच, आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडात. थर्नम बाहेरून मोजत बसले, उत्तर आत होतं!

मग लांबट थडग्यांतले लोक तरी ब्रिटनचे 'मूळचे' का? तर नाही. त्यांचे पूर्वजही सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेले शेतकरी. त्यांच्याआधी तिथे शिकारी होते, आणि तेही कधीतरी कुठूनतरी आलेलेच.

कोण आलं, कधी आलं, हे हाडं सांगतात. श्रेष्ठ कोण, मालकी कुणाची, हे सांगत नाहीत. ते आपणच त्यांच्या तोंडी घालतो. मूळचा कोण, हे आपण मोजणं कुठे थांबवतो त्यावर ठरतं, असं आपलं माझं मत.

काकांना हे पंगतीतच सांगायला हवं होतं. जिलबीनं घात केला. असो.