टर्बोचा सोस आणि सिलिंडरची भिंत

घरातले मूल शिक्षण संपवून बंगळूरला नोकरीला लागते. वर्ष-दोन वर्षांत एखादी जुनी, पण चांगल्या अवस्थेतली गाडी घेतली जाते. मग गाडीवेड्या मित्रांच्या संगतीत नवे नवे शब्द कानांवर पडू लागतात आणि एके दिवशी घरी फोन येतो, ‘‘बाबा, गाडीला टर्बो बसवून घ्यायचा विचार आहे.’’ इंजिन ते सोसेल का, असे बाबांनी विचारलेच तर उत्तर तयार असते, ‘‘त्याची काळजी नको, सिलिंडरच्या भिंतीही मजबूत करून घेणार आहे.’’ बाबांना या भिंतींचा उलगडा होत नाही. आईला एवढेच कळते की, यात बरेच पैसे जाणार आणि पोरगे गाडी आणखी जोरात हाकणार. दोघांनाही मुलाशी चार शब्द समजून बोलता यावेत, यासाठी आज हा विषय घेतला आहे.

कुकर आणि सिलिंडर

सिलिंडर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधली गोल, गुळगुळीत विहीर. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. वरच्या टोकाला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते, दाब निर्माण होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. साध्या पेट्रोल इंजिनात पूर्ण जोर लावलेला असताना हाच दाब पन्नास-साठ पटींपर्यंत जातो. ७५ मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर त्या क्षणी अडीच टनांहून अधिक भार पडतो, आणि तोही मिनिटाला हजारो वेळा!

हा दाब केवळ खाली ढकलत नाही, तो सिलिंडरच्या भिंतीला चहूबाजूंनी बाहेरही रेटतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका झाला की पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर घासून दाबला जातो. या भिंतीच्या मागे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, खेळत असते. म्हणजे आत आग, मागे पाणी आणि मध्ये काही मि.मी. जाडीची धातूची भिंत, असा हा संसार असतो. पिस्टन आणि भिंत यांच्यातली फट तर साधारण केसाच्या जाडीहूनही कमी असते. त्यामुळे भिंत किंचित जरी वेडीवाकडी झाली, तरी रिंगा तिला नीट टेकत नाहीत, इंजिन तेल पिऊ लागते आणि ताकद घटते.

बंगळूरची विरळ हवा

टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरवतो आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने चौदा हजार फुटांहून उंच असलेल्या पाइक्स पीक या पर्वतावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. विरळ हवेत विमानाची इंजिने दमत असत, त्यावरचा हा उपाय होता.

बंगळूरकरांना ही गोष्ट जवळची वाटायला हरकत नाही. त्यांचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी कमी असतो. साहजिकच टर्बो नसलेली गाडी मुंबईहून बंगळूरला नेली, तर थोडी मंदावल्यासारखी वाटते. गाडी बिघडलेली नसते, तिला हवाच कमी मिळत असते. टर्बोची गाडी ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. टर्बोच्या आकर्षणामागे हे एक खरे कारण आहे, हे पालकांनीही मान्य करायला हवे.

पण साध्या इंजिनात अर्धा बार जादा दाबाने हवा कोंबली, तर आत जाणारी हवा जवळजवळ दीडपट होते. त्या प्रमाणात ज्वलनाचा दाबही चढतो. साठ पटींचे ऐंशी आणि जोर वाढवत गेले तर शंभर पट होतात. शंभर पटींचा हिशेब केला, तर त्याच ७५ मि.मी. पिस्टनवर सुमारे साडेचार टन भार येतो. भिंतीचा प्रश्न उभा राहतो तो इथे.

बीड आणि अॅल्युमिनियम

जुन्या गाड्यांचे ब्लॉक बिडाचे असत. अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळातल्या वाचकांना ‘इंजिन बोअर केले’ हे वाक्य आठवत असेल. सिलिंडर झिजला की लेथवाला त्याचा व्यास पाव किंवा अर्धा मि.मी. वाढवून देई आणि त्या मापाचे मोठे पिस्टन बसत. बीड जड खरे, पण सोशिक. फॉर्म्युला वनमध्ये १९८३ साली नेल्सन पिके विश्वविजेता झाला तो बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बो इंजिनावर. त्या इंजिनाचा ब्लॉक रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाडीच्या बिडाच्या ब्लॉकवरूनच घेतला होता. टर्बोवर विश्वविजेतेपद मिळवणारा पिके हा पहिलाच. टोयोटाच्या सुप्रा गाडीतले प्रसिद्ध इंजिनही बिडाच्या ब्लॉकचे आणि म्हणूनच शर्यतवाल्यांचे लाडके आहे.

वजन आणि इंधन वाचवण्यासाठी पुढे ब्लॉक अॅल्युमिनियमचे होऊ लागले आणि आत बिडाच्या पातळ नळ्या, म्हणजे लायनर किंवा स्लीव्ह, आल्या. यातल्या अनेक ब्लॉकची रचना वरून उघडी असते. म्हणजे सिलिंडरच्या नळ्या खाली घट्ट धरलेल्या, पण वरच्या टोकाला चहूबाजूंनी पाणी आणि आधार काही नाही. त्यामुळे वरचा भाग उत्तम थंड राहतो आणि ब्लॉक ओतायलाही सोपा जातो. होंडाच्या अनेक इंजिनांची रचना अशी आहे. टर्बोविना ती वर्षानुवर्षे तक्रार न करता चालतात. जादा दाब आला की मात्र या नळ्यांची वरची टोके कणाकणाने हलू लागतात. त्यांच्यावर बसलेले हेड गॅस्केट रोज घासले जाते आणि एक दिवस फुटते. जोर आणखी वाढला तर खुद्द नळीलाच चीर जाते.

भिंत मजबूत करतात ती कशी?

यासाठी मुख्यतः तीन उपाय केले जातात.

पहिला उपाय म्हणजे उघड्या ब्लॉकच्या वरच्या फटीत कातून बनवलेली आधाराची कडी ठोकून बसवणे. हा सर्वांत स्वस्त उपाय. पण कडी मापात नसेल, तर ती नळीलाच एका बाजूने दाबते आणि गोल सिलिंडर अंडाकृती होतो. पाण्याच्या वाटाही अडतात. म्हणून कडी बसवल्यावर सिलिंडरला पुन्हा होनिंग करून त्याची गोलाई तपासावी लागते. ‘तासाभरात बसवून देतो’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

दुसरा उपाय जुन्या नळ्या काढून जाड, अधिक चिवट बिडाच्या स्लीव्ह बसवण्याचा. ब्लॉक तापवून आणि स्लीव्ह थंड करून ती घट्ट बसवली जाते. काही स्लीव्हना वर रुंद कडा असते, त्या शेजारी शेजारी बसून वरचे उघडे टोक जवळजवळ बंद करतात. हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आणि सर्वांत खर्चाचाही. लायनर बनवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. मुंबई प्रांताचे १९३७ सालचे पहिले प्रधानमंत्री धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात काढलेला कारखाना लायनर बनवण्यासाठी ओळखला जातो. बंगळूरजवळच्या येलहंका येथे पिस्टन आणि रिंगा बनत आल्या आहेत. पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत बारीक मापाची कामे करणारे कारागीर आहेत आणि सुट्या भागांसाठी जे. सी. रोड प्रसिद्धच आहे. प्रश्न हुन्नराचा नसून प्रत्येक काम मोजून करण्याच्या शिस्तीचा आहे.

तिसरा उपाय ब्लॉकच्या पाण्याच्या पोकळीत सिमेंटसारखे घट्ट होणारे मिश्रण ओतण्याचा. भिंत यामुळे दगडासारखी पक्की होते, पण पाण्याला जागा उरत नाही. काही सेकंदांच्या ड्रॅग शर्यतीसाठी हे ठीक. पण सिल्क बोर्डच्या चौकात अर्धा तास अडकणाऱ्या गाडीसाठी पोकळी पूर्ण भरणे म्हणजे इंजिन भाजून काढणेच होय. तळाचा थोडाच भाग भरला, तरी तेलाचे तापमान वाढते.

इथे एक उलटा प्रकारही सांगायला हवा. ‘मोठे पिस्टन टाकू, ताकदही वाढेल’ असा सल्ला अजून दिला जातो. पण बोअर वाढवला की भिंत तेवढीच पातळ होते! टर्बोच्या इंजिनाला नको असते ते नेमके हेच. मूळ भिंत किती जाड आहे हे ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजता येते. ते मोजल्याशिवाय ब्लॉकला हत्यार लावू देऊ नये.

खरा शत्रू वेगळाच

बहुतेक इंजिने भिंत अशक्त होती म्हणून फुटत नाहीत, ती नॉकिंगमुळे फुटतात. ठिणगीने पेटलेली ज्योत सरकत असतानाच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते आणि आत हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो. हवा फार तापलेली, पेट्रोल कमी पडलेले, ठिणगी वेळेआधी पडलेली किंवा इंधनाचा ऑक्टेन अपुरा, ही त्याची कारणे. अशा ठोक्यांपुढे पिस्टन वितळतो, रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात आणि मग नव्या, महागड्या स्लीव्हलाही ओरखडे पडतात. म्हणून भिंतीच्या आधी हवा थंड करणारा इंटरकूलर, पुरेसे इंजेक्टर, योग्य कॉम्प्रेशन आणि संगणकाची काळजीपूर्वक जुळणी यांचा विचार हवा. कारखान्यातून टर्बोसह येणाऱ्या गाड्यांत हे सारे एकमेकांना धरून आखलेले असते. चाकणला बनलेल्या पोलोच्या टर्बो इंजिनांचेही ब्लॉक अॅल्युमिनियमचे आणि नळ्या बिडाच्याच होत्या. तरीही ती इंजिने टिकतात, कारण दाबाची मर्यादा भिंत पाहून ठरवलेली असते.

गाडी टर्बोची असो वा साधी, काही लक्षणे प्रत्येक घराने ओळखून ठेवावीत. बाहेर गळती नसताना कूलंट कमी होणे, इंजिन तापल्यानंतरही मागून पांढरा धूर येत राहणे, कूलंटच्या डब्यात बुडबुडे येणे किंवा तेल दुधाळ दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर गाडी तशीच पुढे न दामटता थांबवावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात हे ठामपणे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या १८२-अ या कलमात, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या सिलिंडरला मूळ मापाची स्लीव्ह बसवणे ही दुरुस्ती झाली. टर्बो बसवून इंजिनाचा स्वभावच बदलणे ही वेगळी गोष्ट. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला, तर अपघातानंतर नुकसानभरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. दंडापेक्षा हे ओझे कितीतरी जड असते, आणि ते एकट्या मुलावर नव्हे तर साऱ्या घरावर पडते.

मग मुलाला सांगायचे काय?

नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक असते. त्याऐवजी काही प्रश्न विचारावेत. ब्लॉक बिडाचा आहे की अॅल्युमिनियमचा, वरून उघडा की बंद? भिंतीची जाडी मोजली का? टर्बोचा दाब किती ठेवणार आणि संगणकाची जुळणी कोण करणार? वाढलेल्या वेगाला पुरतील असे ब्रेक आणि टायर आहेत का? काम फसले तर नव्या इंजिनाचे पैसे बाजूला ठेवले आहेत का? यांची नीट उत्तरे देता येत नसतील, तर त्याच्या मेकॅनिकलाही ती येत नसण्याचीच शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट त्याच्या गळी उतरवावी. जी ताकद मिळवण्यासाठी सिलिंडरच्या भिंती बदलाव्या लागतात, ती वापरायला शहरातल्या रस्त्यावर जागाच नसते. रस्त्यावर रोज जायचे असेल, तर कारखान्यातून टर्बोसह आलेली गाडी घ्यावी. ती विम्यासह, वॉरंटीसह आणि कायद्याच्या चौकटीत मिळते. वेगाचे वेड खरेच असेल, तर कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा ट्रॅक बंगळूरहून गाडीने एका दिवसात गाठता येतात. शर्यतीसाठी वेगळी ठेवलेली गाडी टेम्पोवर चढवून तिथे न्यावी, हेल्मेट घालावे आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली हौस भागवावी. स्लीव्ह, कडी, मोठा टर्बो या साऱ्यांची खरी जागा तिथे आहे. तिथे इंजिन फुटले तर पैसे जातात. हमरस्त्यावर भरधाव गाडीखाली तेल सांडले, तर मागून येणाऱ्या स्कूटरवरचे कुटुंब घसरून पडते. एवढे जरी त्याच्या ध्यानात आले, तरी फोनवरचे बोलणे कारणी लागले म्हणायचे.